काताकोलोचा धक्का

“यात समुद्र कुठं आहे गं?” वन्संनी विचारलं.

आम्ही जहाजाच्या अकराव्या मजल्यावर नाश्त्याला बसलो होतो. काचेपलीकडं नजर पोचेल तिथवर निळं पाणी होतं, आणि माझ्या नणंदबाई गोड घावनासारखं काहीतरी काट्यानं उचकटत समुद्र कुठं आहे म्हणून विचारत होत्या.

“हा काय समोर,” मी म्हटलं.

“हा दिसतो. कॅलेंडरावर दिसतो तसा. वास नाही, गाज नाही, हात लावावा म्हटलं तर लागत नाही. व्हेनिसहून निघाल्यापासून पाण्याचा एक शिंतोडा अंगावर आलेला नाही. त्यापेक्षा आपली कृष्णा बरी. निदान घाटावर पाय तरी भिजतात.”

माझे यजमान भालचंद्र ऑम्लेट घेऊन आले. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं असावं. “ताई, इथं पाय भिजवायला पोहण्याचा तलाव आहे ना वर,” ते म्हणाले.

“त्याला क्लोरिनचा वास येतो,” वन्सं म्हणाल्या आणि कॉफी प्यायला लागल्या.

ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. तोवर मी आणि भालचंद्र क्रूझच्या बाबतीत अगदी मुरलेले झालो होतो. सांगलीत आमच्या ओळखीत कुणाला क्रूझला जायचं असलं की आधी आमच्याकडे चहाला येत, आणि आम्ही दोघं आळीपाळीनं बोलत सुटत असू. तीन-चार हजार माणसं भरून नेणारी मोठी जहाजं, तीच आम्हाला ठाऊक. श्रीमंतांची छोटी, गुपचूप जहाजं वेगळी असतात म्हणे, त्यांचं मी काही सांगू शकत नाही. आमचं जहाज म्हणजे तरंगतं मंगल कार्यालय. पंगती उठतच नाहीत, वऱ्हाड हटत नाही, आणि यजमान कोण ते शेवटपर्यंत कळत नाही.

माझी मतं तेव्हा होती ती आजही आहेत. खोली घ्यावी ती आतली, बिनखिडकीची, खालच्या मजल्यावर मधोमध. डोलणं कमी लागतं. बाल्कनीचे जादा पैसे मोजणारे लोक बाल्कनीत ओले टॉवेल वाळत घालतात. पहिल्या दिवशी दुपारी जेवणाच्या हॉलकडे फिरकू नये, तिथं दुष्काळातून सुटून आल्यासारखी माणसं असतात. फोटो काढणाऱ्यांना टाळावं. वरच्या डेकवर लोक पहाटे उठून खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा अडवतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या आपल्या लोकांना नावं ठेवणाऱ्यांनी एकदा ते दृश्य बघून यावं. आणि जहाजातून शहरं पाहिली असं कुणी सांगितलं तर मान डोलवावी. रोम पाहिलं म्हणतात त्यांनी बहुधा रोमबाहेर उभी असलेली आपली बस नीट पाहिलेली असते.

तरी मला जहाज आवडतं. हसणाऱ्यांनी हसावं. संसाराची सगळी वर्षं मी सकाळ-संध्याकाळ “आज काय करू?” हा प्रश्न घेऊन उठत-बसत आले. आठ-दहा दिवस तो प्रश्न दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर असतो. एवढ्यासाठी मी गर्दी, गोंगाट आणि रात्रीचा ढोलताशा सहन करते.

भालचंद्रांची मतं आणखी पुढची होती. एकदा पाहिलेल्या बंदरात पुन्हा उतरायचं नाही, हा त्यांचा नियम. सगळे खाली गेले की रिकाम्या जहाजासारखं सुख नाही, असं ते सांगत. आणि जहाज सुटायच्या वेळी मात्र वरच्या डेकवर कठड्याशी हजर. कारण त्या वेळी उशीर झालेली माणसं पिशव्या सांभाळत धक्क्यावरून पळत येतात, आणि ते बघायला वर गर्दी होते. टाळ्या, शिट्ट्या. फुकटातली करमणूक. मीही कित्येकदा त्यांच्या शेजारी उभी राहून हसले आहे.

एवढ्या सगळ्या सफरींत वन्संना आम्ही कधी नेलं नव्हतं. त्यांनी कधी येते म्हटलं नाही, आम्ही कधी चला म्हटलं नाही.

कुमुद हुपरीकर, भालचंद्रांच्या थोरल्या बहीण. सासरे लवकर गेले तेव्हा वन्सं नुकत्याच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या होत्या. त्या नोकरीवर घर चाललं, भालचंद्र इंजिनियर झाले. वन्संचं लग्न राहिलं ते राहिलंच. मी लग्न होऊन आले ती त्यांच्याच घरी. पुढं ते भाड्याचं घर सोडून आम्ही विश्रामबागेत फ्लॅट घेतला, तेव्हापासून मात्र ‘वन्सं आमच्याकडे राहतात’ असं सगळे म्हणायला लागले, आणि मीही. आमच्यात भांडण असं कधी झालं नाही. त्या चहात आलं जास्त घालत, मी कमी. त्यावरून दोन कप वेगळे होत, एवढंच. एका घरात तीस-पस्तीस वर्षं आम्ही एकमेकींना वाट देत राहिलो.

या खेपेला त्यांना न्यायचंच असं भालचंद्रांनी ठरवलं. का, ते मला माहीत होतं. वन्संना ते माहीत नाही असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या सकाळी वन्सं पाणी आणायला उठल्या तशी मी भालचंद्रांना म्हटलं, “अहो, आज बोला त्यांच्याशी. घरी जाऊन बोलायचं नाही म्हणूनच आणलंत ना?”

“आज तू बोल.”

“मी? बहीण तुमची आहे.”

“तुम्ही दोघी उतरताय ना इथं. निवांत बसा कुठंतरी. बायकांना एकमेकींशी बोलता येतं,” ते म्हणाले. “मी बोललो की ते फार गंभीर होईल.”

ऑम्लेट संपवून ते पत्त्यांच्या खोलीकडे गेले, आणि आम्ही दोघी खाली उतरलो.

काताकोलो हे ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर. बंदर कसलं, एक गल्ली. एका बाजूला दुकानं, दुसऱ्या बाजूला पाणी. बरेचसे लोक तिथून बस किंवा छोटी आगगाडी पकडून ऑलिंपियाचे जुने अवशेष बघायला जातात. जहाज लागतं ते एका लांबलचक धक्क्याच्या टोकाला. गावापेक्षा जहाज उंच, त्यामुळं गल्लीत कुठंही उभं राहिलं तरी ते दिसत राहतं.

वन्संनी नेहमीचं पातळ नेसलं होतं आणि पायांत प्रवासासाठी घेतलेले पांढरे कॅनव्हासचे बूट. गुडघा दुखरा, चाल सावकाश. दुकानांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. गल्ली संपली, घरं संपली, आणि गोट्यांनी भरलेला एक लहानसा किनारा लागला. तिथं चिटपाखरू नव्हतं. वन्सं खडकावर बसल्या, बूट काढले, मोजे त्यांत खुपसले, पातळ वर खोचलं आणि माझा हात धरून पाण्यात उतरल्या. गुडघ्यापर्यंत पाणी आल्यावर थांबल्या.

“थंड आहे,” त्या म्हणाल्या. चेहरा मात्र असा झाला की मी पटकन दुसरीकडे बघितलं.

मग एका सपाट दगडावर पाय पाण्यात सोडून त्या बसल्या. मी शेजारी. आम्ही सोबत आणलेले पाव आणि संत्री खाल्ली. मध्येच त्यांनी एक्स्चेंजमधल्या गोष्टी काढल्या. ट्रंक कॉल लावून देताना कशी कुणाचीही रडारड कानावर पडायची, कसं बारशाचं आणि मयताचं एकाच आवाजात जोडून द्यावं लागायचं. मी हूं हूं करत होते. मनात वाक्यं जुळवत होते. वन्सं, असं आहे की. वन्सं, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका. एकही वाक्य पुढं सरकेना.

साडेचारला सगळ्यांनी जहाजावर परत यायचं होतं. वन्संची चाल धरून निघायची वेळ झाली तशी मी उठले.

“चला, वन्सं.”

“बस जरा.”

“उशीर होईल.”

“होऊ दे.” त्यांनी पाय हलवले नाहीत. “तुला काहीतरी सांगायचंय ना मला? सकाळपासून घसा खाकरतीयेस.”

“जहाजावर बोलू.”

“जहाजावर नको. तिथं जेवणाच्या हॉलच्या दारात ती पोरगी सारखी हात धुवा, हात धुवा म्हणून गात असते. कुणाचं काही ऐकू येत नाही.”

मी उभीच राहिले. त्या पाण्याकडे बघत होत्या.

“त्या पुण्याजवळच्या वृद्धनिवासातून फोन आला होता,” वन्सं म्हणाल्या. “आषाढात. तुम्ही दोघं बँकेत गेला होता. बाई गोड बोलत होत्या. विचारलं, कुमुद हुपरीकरांना जेवण साधं लागेल की पथ्याचं? मी म्हटलं, साधं. जिना चढता येतो का? म्हटलं, तळमजला बरा. रात्री उठावं लागतं का? म्हटलं, एकदा. मग म्हणाल्या, आपण कोण बोलताय? म्हटलं, घरातलीच.”

मी हातातली पर्स खाली ठेवली.

खरी गोष्ट अशी होती. आमचा मुलगा मेलबर्नला होता, त्याला दुसरं मूल होणार होतं, आणि आम्ही दोघांनी कायमचं तिकडं जायचं ठरवलं होतं. फ्लॅट विकायचा होता. वन्संना ऑस्ट्रेलियात नेणं व्हिसाच्या नियमांत बसत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी त्या निवासात खोली बघून ठेवली होती. चांगली होती खोली, पूर्वेला खिडकी, बाहेर बकुळीचं झाड. सगळं ठरवून झालं होतं. फक्त वन्संना सांगायचं राहिलं होतं. आधी गौरी-गणपती होऊ देत म्हणून थांबलो, मग पितृपक्षात नको, मग भालचंद्रांच्या डोक्यात आलं की ताईला एकदा चांगली सहल घडवू, ती खूश असेल तेव्हा सांगू.

“तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?” मी विचारलं.

“मला कुठं कुणी काय सांगितलं होतं? फोन तर रोजच येतात,” वन्सं म्हणाल्या. “वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. मग एक दिवस भालू येऊन म्हणाला, ताई, चल तुला युरोप दाखवतो. तेव्हा कळलं की आता काही तो सांगत नाही.”

“मग आलात कशाला?”

“म्हटलं बघू तरी, कुठवर नेतोय.”

त्या हसल्या नाहीत. हात पुढं केला, मी त्यांना उठवलं. ओले पाय पातळाच्या पदरानं पुसले, मोजे चढवले, बुटाच्या नाड्या मी बांधल्या. त्यात वेळ गेलाच. गल्लीत आलो तेव्हा दुकानदार बाहेर मांडलेला माल आत घेत होते. जहाजावरचं गिऱ्हाईक परत गेलं होतं. जहाजानं भोंगा दिला. इतका मोठा आवाज मी खालून कधी ऐकला नव्हता.

धक्क्याच्या तोंडाशी पोचलो आणि माझा फोन वाजला.

“कुठं आहात तुम्ही?” भालचंद्रांचा आवाज चढला होता. “नाव पुकारतायत आपलं! मी वरून बघतोय, मला दिसताय तुम्ही. पळा!”

“वन्संचा गुडघा—”

“अगं, शिडी काढतायत!”

मी वर बघितलं. सगळ्यात वरच्या कठड्याशी माणसांची रांग होती. इतक्या लांबून तोंडं ओळखू येत नव्हती, पण टाळ्या ऐकू येत होत्या. कुणीतरी तालात ‘गो, गो’ म्हणत होतं. एक शिट्टी वाजली. वरून तो आवाज खेळीमेळीचा वाटायचा. वन्संनी मान वर केली आणि विचारलं, “कुणासाठी वाजवतायत?”

“आपल्यासाठी,” मी म्हटलं.

त्या थांबल्या, पदर सारखा केला आणि पुन्हा चालायला लागल्या. होत्या त्याच चालीनं.

शिडीच्या तोंडाशी पांढऱ्या गणवेशातली एक अधिकारी पोरगी उभी होती. ती हातानं मला बोलवत होती, बोट दाखवून एक मिनिट, एक मिनिट म्हणत होती. मी अंतराचा अंदाज घेतला. एकटी पळाले असते तर पोचले असते. साठीत होते, पण रोज आमराईत फिरायला जायचे, पाय धड होते. हे वन्संनाही दिसत होतं.

“तू जा गं,” त्या म्हणाल्या. “पळ. मी येते मागनं, नाही जमलं तर बसते इथं.”

फोन कानाला होताच. भालचंद्र म्हणाले, “हेमा, तू ये पुढं. तू ये! जहाज कंपनीचा माणूस असतो धक्क्यावर. तो करेल ताईची सोय.”

ताईची सोय. गेले सहा महिने आमच्या घरात दार लोटून जे बोलणं चालायचं त्यात हे दोन शब्द इतक्या वेळा आले होते की मला त्यांचं काही वाटेनासं झालं होतं. त्या धक्क्यावर मात्र, वर टाळ्या चालू असताना, शेजारी वन्सं धापा टाकत असताना, ते शब्द मला नीट ऐकू आले.

“तुम्ही या खाली,” मी म्हटलं.

“काय?”

“शिडी आहे अजून. तुम्ही उतरा.”

“अगं, पण सामान आहे सगळं वर... उतरून काय करणार तिघं?” ते म्हणाले. पुढं ते काहीतरी बोलत राहिले. मी फोन पर्समध्ये टाकला आणि वन्संचा दंड धरला.

“वन्सं, सावकाश चला,” मी म्हटलं. “पळायचं नाही.”

आम्ही अर्ध्या वाटेवर असताना शिडी आत गेली. दोर सुटले. जहाज हललं तेव्हा आधी मला वाटलं, धक्काच हलतोय. वरच्या टाळ्या थांबल्या होत्या. कुणीतरी हात हलवून निरोप देत होतं, तो बहुतेक चांगल्या मनानं देत असावं. भालचंद्र त्यांत होते की नव्हते, कळलं नाही.

जहाज कंपनीचा माणूस खरोखरच होता. स्पिरोस नावाचे एक जाडगेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. परदेशी उतारूंचे पासपोर्ट जहाजावर जमा असतात. कुणी मागं राहिलं की ते काढून याच माणसाकडे देतात. आमचे दोन्ही पासपोर्ट त्यांच्या हातात होते. त्यांबरोबर एक प्लास्टिकची पिशवी. तीत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, वन्संचा गुडघ्याचा पट्टा आणि चष्म्याचं घर. म्हणजे भालचंद्र मधल्या वेळात खोलीत जाऊन आले होते, आणि तेवढं खाली पाठवलं होतं. वन्संनी पिशवीत बघितलं. “पट्टा आठवणीनं दिला,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

स्पिरोसनी सांगितलं, जहाज उद्या अथेन्सच्या बंदराला, पिरेअसला लागेल. बसनं जाता येईल. तोवर त्यांच्या मावसबहिणीच्या खानावळीवर एक खोली होती.

त्या संध्याकाळी आम्ही खानावळीच्या अंगणात बसलो. आमच्याकडे अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नव्हतं. दुकानातून दोन टी-शर्ट घेतले होते, झोपताना घालायला. पुरुषी मापाचे, छातीवर जहाजाचं चित्र. खानावळीच्या बाईनं टोमॅटो, काकडी, पांढरं चीज आणि पाव आणून ठेवला. वन्संनी टोमॅटोची फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

“जहाजावरच्या टोमॅटोला ही चव का नाही गं?”

“तिथं चार हजारांचा स्वयंपाक असतो.”

“हं.” त्यांनी आणखी एक फोड घेतली. मग हात पुसले, खुर्ची माझ्याकडे वळवली. “आता सांग.”

“तुम्हाला माहीत आहे सगळं.”

“ते फोनवर आलेलं. तू सांग.”

मग मी सांगितलं. आम्ही मेलबर्नला जायचं ठरवलं आहे. फ्लॅट विकणार आहोत. तुम्हाला बरोबर नेता येत नाही. तुमच्यासाठी खोली बघितली आहे. घसा न खाकरता, सलग. सांगताना मला कळत होतं की हे सांगायला दोन मिनिटं पुरतात.

वन्सं ऐकून घेत होत्या. “बरं,” त्या म्हणाल्या. “खोली कशी आहे?”

“चांगली आहे. बाहेर बकुळ आहे.”

“विचार करते,” त्या म्हणाल्या. “आता विचारलंयत ना मला? मग विचार करते.”

रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी खानावळीच्या बाईला खुणेनं आणखी टोमॅटो मागितले. खोलीत गेल्यावर पातळ खुंटीला लावून, परकरावर तो जहाजाचा टी-शर्ट घालून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि स्वतःकडे बघून इतक्या हसल्या की त्यांना पलंगावर बसावं लागलं. मीही हसले. इतक्या वर्षांत आम्ही एका वेळी, एकाच गोष्टीला हसल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. बराचसा रस्ता समुद्राच्या कडेनं होता. त्यांनी मला मेलबर्नबद्दल विचारलं, सूनबाईंना कितवा महिना, तिकडं थंडी कशी. मी त्यांना पहिल्यांदाच सांगितलं की मला जायचं आहे की नाही हे माझं मलाच नीट कळत नाहीये. भालचंद्रांनाही मी ते सांगितलं नव्हतं.

“मग तुला तरी कुणी विचारलं का?” वन्सं म्हणाल्या.

पिरेअसला जहाजाशी पोचलो तर भालचंद्र शिडीच्या पायथ्याशी उभे होते. दाढी केलेली नव्हती. ते खाली उतरले होते, याचंच मला नवल वाटलं. पिरेअस त्यांचं आधीच पाहून झालेलं होतं. आम्हाला बघून पुढं आले, वन्संच्या हातातली पिशवी घेतली. मग वन्सं एक पाऊल पुढं गेल्या तशी माझ्या कानाशी लागून म्हणाले, “सांगितलंस?”

वन्संचे कान टेलिफोन ऑपरेटरचे. त्या वळल्या.

“तिनं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “आता तू सांग, भालू.”

मागं उतारूंची रांग लागली होती. भालचंद्रांनी माझ्याकडे बघितलं. मदतीला ये, असं ते बघणं मला चांगलं ओळखीचं होतं. मी पर्समधून जहाजाचं कार्ड काढलं, शिडी चढले आणि तपासणीच्या यंत्रातून आत गेले. मागं वळून बघितलं तेव्हा ती दोघं रांगेतून बाजूला झाली होती आणि धक्क्यावरच्या एका बाकाकडे चालली होती. वन्सं पुढं, भालचंद्र पिशवी घेऊन मागं. मी खोलीत जाऊन आंघोळ केली. ती दोघं बऱ्याच वेळानं वर आली. काय बोललात, हे मी विचारलं नाही.

फ्लॅट पुढच्या वर्षी विकला. वन्सं त्या निवासात आठ दिवस पाहुण्या म्हणून राहून आल्या आणि नको म्हणाल्या. सगळं वेळेवर मिळतं, पण बाहेर पडायला विचारावं लागतं, एवढंच त्यांनी सांगितलं. त्यांनी सांगलीतच, गावभागात, तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. शेजारी एक्स्चेंजमधली त्यांची मैत्रीण शालन राहते. भालचंद्र मेलबर्नला स्थायिक झाले. मी निम्मं वर्ष तिकडं असते आणि निम्मं वर्ष सांगलीत, वन्संकडे. ‘मी वन्संकडे राहते’ असंच मी सगळ्यांना सांगते.

क्रूझला आम्ही अजून जातो, मी आणि भालचंद्र. मेलबर्नहून जहाजं सुटतात. तिथल्या मराठी मंडळींत भालचंद्रांना मोठा मान आहे. कुठली खोली घ्यावी, कधी जेवावं, सगळे त्यांनाच विचारतात. गप्पांच्या ओघात कुणी घरच्या म्हाताऱ्या माणसांचा विषय काढला की ते काताकोलोची गोष्ट सांगतात, आणि शेवटी म्हणतात, “ताईला मी स्वतः पिरेअसच्या धक्क्यावर शेजारी बसवून सगळं नीट समजावून सांगितलं. अशा गोष्टी स्पष्ट बोलाव्यात. माणसं समजून घेतात.”

मागच्या हिवाळ्यात सांगलीला असताना मी हे वन्संना सांगितलं. म्हटलं, आता इतकी वर्षं झाली, सांगा तरी, काय बोलले होते ते?

“कुठलं काय,” वन्सं म्हणाल्या. “त्याला बोलताच येईना. नुसता रडत बसला. येणारे-जाणारे बघायला लागले. शेवटी मीच म्हटलं, भालू, तू खुशाल जा, मी सांगलीत राहीन, माझं मी बघते. तेव्हा कुठं नाक पुसलंन.”

“आणि तो सगळीकडे सांगतो—” मी म्हटलं. नवऱ्याला अरेतुरे मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा केलं असेन.

“सांगू दे,” वन्सं म्हणाल्या. “त्याच्या मनात होतं सांगायचं.”

आणि चहा उकळत आला होता म्हणून त्या उठून आत गेल्या.